नमुना क्रमांक चार लगेच उघडणेबाबत

प्रति,
मा. मृद चाचणी अधिकारी साहेब,
मृद चाचणी प्रयोगशाळा,
सोलापूर.

अर्जदार : सौ. ऋतुजा बिरुदेव सरगर, वय २६, शिक्षण बारावी (शास्त्र), रा. सरगर वस्ती, मौजे तांबूळमाळ, ता. सांगोला, जि. सोलापूर.

विषय : मृदा आरोग्य पत्रिकेवरील "लोह – कमी" या शेऱ्याचा लेखी खुलासा येत्या सोमवारपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्याकडील मृदा आरोग्य पत्रिका, गट नं. ११७, लोह ३.१, शेरा "कमी".
२) आज खिडकीवर दिलेला माझा एक पानी अर्ज.

महोदय,

संदर्भ दोनचा अर्ज माझे पती श्री. बिरुदेव यांनी वाचून पाहिलेला आहे. तो खरा आहे, पण अर्धा. हा दुसरा अर्ज मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून माती नमुना क्रमांक चारमध्ये ठेवला आहे. नमुने आधी सावलीत वाळवतात, मग फोडतात, हे मला ठाऊक आहे. तेवढे दिवस आमच्याजवळ नाहीत. म्हणून चार नंबरची पिशवी मुद्दाम ओली करून आणली आहे. ओला नमुना कशाला आणला म्हणून आपले कर्मचारी रागावतील आणि ती तिथल्या तिथे उघडतील, या भरवशावर. त्या रागाबद्दल आधीच आभार मानते.

हा अर्ज माझी मुलगी दुपारची झोपते तेवढ्या वेळात, पाच दुपारी मिळून लिहिला आहे. अक्षर जागोजागी बदललेले दिसेल. हात एकच आहे.

१. आमची जमीन दोन एकर अकरा गुंठे. वरच्या अंगाला मुरमाड माळ, मधे काळ्या रानात डाळिंबाच्या ओळी आणि ओढ्याकडे जुन्या गावठाणाचे टेकाड. त्या टेकाडाला सगळे पांढरी म्हणतात. कधीकाळी तिथे वस्ती होती, चुलींच्या राखेने माती पांढुरकी झाली, एवढेच कारण. पांढरीत नांगरामागे खापऱ्या आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे नेहमीच वर येतात. माझी मुलगी माया, वय वर्षे चार, हिच्या भातुकलीतला निम्मा संसार पांढरीतूनच आलेला आहे.

२. गेल्या दिवाळीनंतर पतींनी व माझे चुलत दीर पृथ्वीराज यांनी सोलापुरातले मेकॅनिक शाकीरभाई यांच्याकडून जमिनीतला धातू दाखवणारे यंत्र वापरायला आणले. लांब दांडी, खाली ताटाएवढे कडे. कडे धातूवरून गेले की आवाज होतो. पांढरीत तीन तांब्याची जुनी नाणी, मेंढीच्या गळ्यातली एक घंटी आणि नांगराचा मोडका फाळ मिळाला. जमिनीत अशी नाणी मिळाली की सरकारला कळवावे लागते, हे मी घरात बोलले होते. कळवले नाही. ती चूक इथे कबूल करते आणि नाणी सोबत जोडते. खोटे कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. माया यंत्रामागून "टुई टुई" ओरडत पळायची. डाळिंबाला पाणी देऊन आले की बापलेक उंबऱ्यात बसून घंटी चिंचेने घासायचे. घंटी चकाकली तेव्हा मायाने ती स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतली आणि दिवसभर मेंढरू होऊन हिंडली. आम्ही तिला पालासुद्धा चारला.

३. पांढरी संपल्यावर यंत्र माळावर नेले. तिथे ते थांबेचना. पाऊल टाकावे तिथे आवाज, कडे वर उचलले तरी आवाज. शाकीरभाईंनी फोनवर सांगितले, की कडे जमिनीजवळ वरखाली हलवत आवाज बसेपर्यंत बटण फिरवायचे, म्हणजे यंत्र त्या मातीशी जुळवून घेते आणि मातीला माती म्हणून सोडून देते. पतींनी तसे केले. दहा पावले गप्प, अकराव्याला परत तेच. पृथ्वीराज म्हणाले, "एवढं वरडतंय म्हंजी एक-दोन नाण्याचं काम न्हाय दादा. रांजण हाय की खाली." त्या दिवसापासून पतींचे जेवणात लक्ष राहिले नाही. भाकरी कुस्करून ठेवायचे आणि माळाकडे बघत बसायचे.

४. शाकीरभाई एकदा स्वतः येऊन गेले. त्यांनी एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुरमाच्या भुकटीतून फिरवला. पिशवीला काळ्या बारीक कणांची मिशी फुटली. माया खदखदून हसली. ते म्हणाले, "वहिनी, मशीन चांगलंच है. इस मुरूम में लोहा है, बारीक, डोळ्याला दिसत नै. मशीन बिचारी सगळ्यालाच हो हो म्हणती. हमारे मेहुण्यासारखी." पतीही हसले. मला वाटले, मिटले.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज आपल्या प्रयोगशाळेची पत्रिका घेऊन आले. डाळिंबाची पाने पिवळी पडत होती म्हणून ती दोन वर्षांमागे काढलेली. तिच्यावरचा शेरा बोटाने दाखवून मला म्हणाले, "शाकीर म्हनतो लोह लई हाय. सरकार म्हनतंय कमी हाय. शिक्का कुनाचा हाय? मग लोहच न्हाय तर मशीन कुनाला बगून वरडतंय, सांगा की वैनी."

साहेब, आपला शेरा चुकलेला नाही. मुळांना उचलता येईल एवढे लोह कमी आहे, असा त्याचा अर्थ आहे. चुंबकाला चिकटते ते लोह दगडाच्या पोटातले, झाडाला न मिळणारे. पाने पिवळी पडतात ती म्हणूनच. एकाच मातीत लोह पुष्कळही असते आणि कमीही असते. हे मी घरात सांगून सांगून थकले. सासरी बारावीचे गुण ऐकत नाहीत, शिक्का ऐकतात. आणि शिक्का त्यांच्या बाजूचा निघाला.

(पहिल्या दुपारी इथवर. माया उठली.)

५. मग पृथ्वीराजांनी गुंडाप्पा नावाच्या गृहस्थांना आणले. सगळे त्यांना "जाणते" म्हणतात. गाव कोणते, हे मी दोनदा विचारले, दोन वेगळी गावे सांगितली. वागणे अतिशय सौम्य आहे. चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवतात. त्यांनी माळावर एक फेरी मारली, पत्रिका वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि सांगितले की धन बांधलेले आहे म्हणून यंत्राला नेमकी जागा सापडत नाही. नंतर त्यांनी विचारले, "घरात पायाळू कोन हाय?"

सासूबाईंनी मायाकडे बघितले. पतींनी बघितले. पृथ्वीराजांनी बघितले नाही, म्हणजे त्यांनी ते आधीच सांगितलेले होते.

६. आपण शहरातले असल्यास खुलासा करते. जे मूल पायाकडून जन्माला येते ते पायाळू. माया तशी जन्मली. दवाखान्याच्या कागदावर तसे लिहिले आहे. वाचणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते, दोघींपैकी कुणीही. ती वाचली तेव्हा मीच बारशाला आलेल्या बायांना कौतुकाने सांगितले, की माझी लेक चालत आली. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण जाते, असे आमच्याकडे मानतात. तीन महिन्यांची होती तेव्हापासून लोक पाठ घेऊन दारात यायचे. शेजारच्या वस्तीवरच्या चिमाबाई वाकून वाकून आल्या, मी मायाचा एवढासा पाय त्यांच्या कमरेला तीनदा लावला, तर तिसऱ्या वेळी हिने खरोखरच लाथ मारली. चिमाबाई ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डाक्टरीण लई रागीट हाय, फी घेतल्याबिगर सोडायची न्हाय," आणि तिच्या मुठीत हरभऱ्याचा घाटा ठेवला. मी तेव्हा खूप हसले. पायाळू हा शब्द मीच गावभर पसरवला. पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते असेही मानतात, हे मला माहीत होते. पण ते गोष्टीतले आहे, असे मी धरून चालले.

७. गुंडाप्पा आल्यानंतरच्या सोमवारी सकाळी मायाला माळावरून अनवाणी चालवले. पुढे ती, मागे यंत्र घेऊन पती. मला दहा हात लांब थांबवले होते. ती चालून दमली आणि लहान मुले बसतात तशी फतकल मारून बसली. त्याच वेळी यंत्रातून वेगळा, स्वच्छ, एकच आवाज आला. गुंडाप्पांनी तिथे चुन्याने गोल काढला.

तो आवाज कशाचा होता हे मला त्याच रात्री तिला निजवताना कळले. मायाच्या करगोट्यात माझ्या आईने, मल्लव्वाने, जुना भोकाचा तांब्याचा पैसा ओवून बांधलेला आहे. माझे माहेर अक्कलकोटकडचे. तिकडे आजीनेच तो बांधायचा असतो. माया खाली बसली, पैसा कड्याजवळ आला, यंत्र बोलले. इतके साधे आहे. मी पतींना पैसा दाखवला. ते घोटाळले, हे मी पाहिले. सकाळी पैसा काढून मायाला पुन्हा त्याच जागी बसवले. यंत्र त्या स्वच्छ आवाजात बोलले नाही. मी म्हटले, बघा. गुंडाप्पा सावकाश म्हणाले, "वळख काडून घेतली, धन रुसलं. पैसा परत बांदा." पैसा बांधला, यंत्र बोलले. "बगा," ते म्हणाले.

साहेब, मी प्रयोगशाळेत शिकले आहे. एक गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या, आणि निकाल बघायचा. निकाल माझ्या बाजूने आला आणि त्याच निकालाने मी हरले. पैसा असला तरी धन, नसला तरी धन. लोह कमी असले तरी धन, आणि पुष्कळ निघाले तर ती धनाच्या राखणदाराची राख, असे जाणते सांगतात. यापुढे काय दाखवावे ते मला कळत नाही.

(दुसरी दुपार. हिला झोपेत हसायची सवय आहे. आज दोनदा हसली.)

८. चुन्याच्या गोलात खड्डा सुरू झाला. विचारणाऱ्यांना विहिरीची चाचपणी सांगतात. उन्हाळ्यात टँकर येणारा आमचा भाग, त्यामुळे कुणी दुसरा प्रश्न करत नाही. आज खड्डा अकरा फूट आहे. यंत्राच्या आवाजात मोबाईलमुळे बिघाड होतो, असे शाकीरभाई म्हणाले होते ते खरेच आहे. त्याचा आधार घेऊन गुंडाप्पांनी घरातले सगळे फोन पत्र्याच्या डब्यात घालून डबा सासूबाईंकडे दिला. माझा फोन तेव्हापासून त्यात आहे.

९. खालील गोष्टी तारखेनिशी लिहू शकत नाही, क्रमाने लिहिते.

मायाला काजळाची तीट लावायची नाही, असे सांगण्यात आले. दृष्ट लागू नये म्हणून लावतात ती. कारण विचारले तर सासूबाई अंबुबाई म्हणाल्या, "आता कशाला लागतीया."

तिचे केस कापायचे नाहीत, नखे काढायची नाहीत.

तिला पहिली वाढतात. तूप घालतात. पिवळा परकर शिवायला कापड आणून दिले. मी मुद्दाम हळू शिवते आहे.

तिला कुणी रागवायचे नाही. येत्या सोमवारपर्यंत लेकराच्या डोळ्यातून पाणी येता कामा नये, असा नियम घातला आहे. परवा तिने सासूबाईंच्या पूजेतली घंटा विहिरीत टाकली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला दोन धपाटे बसले असते आणि मी मधे पडले असते. सासूबाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या. माया माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "आई, आजी मला का रागवंना?" तिला ते आवडलेले नाही.

सासूबाई वाईट नाहीत, हे नोंदवावे. मायाच्या जन्माच्या वेळी माझ्या उशाशी तीन दिवस बसलेल्या बाई आहेत. मी त्यांना चुलीपुढे गाठून विचारले, काय ठरले आहे? त्या म्हणाल्या, "फकस्त खड्ड्यात उबी करायची हाय, पाच मिन्टं. बिरू सोता वर हुबा ऱ्हानार हाय." मग जाळ सारत म्हणाल्या, "लई जीव लावू नगं ऋतुजा. पायाळू लेकरू घरचं नसतंय." मी विचारले, कुणी सांगितले? त्या म्हणाल्या, "जानत्यानं." चुलीत जाळ होता, तरी त्या फुंकत राहिल्या.

पती हल्ली मायाला उचलून घेत नाहीत. ती हात वर करून उभी राहते, आणि ते बाजूने जातात.

१०. मी स्वस्थ बसले नाही. महिन्यापूर्वी मायाला घेऊन एका ठिकाणी तक्रार द्यायला गेले. ठिकाणाचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांचा दोष मोठा नव्हता. त्यांनी विचारले, "काय झालंय का?" मी म्हटले, अजून नाही. ते म्हणाले, "मग झालं की या." तेवढ्यात पती आणि पृथ्वीराज आले. बाळंतपणापासून हिचे डोके ठिकाणावर नाही, असे पृथ्वीराजांनी सांगितले, अगदी काळजीच्या आवाजात. मला पाणी दिले आणि पृथ्वीराजांच्या जीपमध्ये बसवले. म्हणून आता मी ओरडले तरी काय होते, ते मला माहीत आहे. माझी आई मल्लव्वा हिला निरोप धाडला होता. तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, बोलता येते, चालता येत नाही. "ना बर्तीनी," मी येते, एवढाच तिचा कानडीतला निरोप परत आला.

११. त्यानंतर मी कागदाने लढायचे ठरवले. पतींना म्हटले, शेरा ज्यांनी मारला त्यांनाच विचारू. माळाच्या मुरमात यंत्राला रडवणारे लोह आहे असे साहेबांनी शिक्क्यानिशी लिहून दिले, तर? पतींनी खड्ड्याकडे बघितले. मग म्हणाले, "तर खड्डा बुजिवतो." हे ते मनापासून म्हणाले, असे मला आजही वाटते. कुणीतरी आपल्याला थांबवावे, अशी त्यांची स्वतःचीच इच्छा असावी. गुंडाप्पांनी विरोध केला नाही. हसून म्हणाले, "इचारून या की. आन् सायबानं काय लिहून न्हाय दिलं, तर सरकारची हरकत न्हाय आसं धरायचं."

असे ठरले आहे. आपण उत्तर दिले नाही तर आपली संमती धरली जाईल. सोमवारी, दिनांक चोवीसला, भर दुपारी. रात्री केले तर लोक संशय घेतात, असे जाणते म्हणाले.

मायाला मागे ठेवून मला यायचे नव्हते आणि तिला सोबत आणू देणार नव्हते. पण मी उंबऱ्याबाहेर गेले की ती रडते, आणि सोमवारपर्यंत तिने रडायचे नाही. त्यांच्याच नियमाने शुक्रवारी ती माझ्याबरोबर असेल.

(तिसरी आणि चौथी दुपार संपली. पुढचे उद्या.)

१२. इथपर्यंत लिहिले तेव्हा माझी मागणी खुलाशाची होती. पाचव्या दुपारी, निघायच्या आदल्या दिवशी, ती बदलावी लागत आहे. कारणे दोन.

पहिले. नमुना घ्यायचा म्हणून मला खड्ड्यात उतरू दिले. एक ते तीन नमुने रीतीप्रमाणे घेतले आहेत, चार भाग करून समोरासमोरचे टाकून अर्धा किलो ठेवले आहे. चौथा खड्ड्याच्या तळाचा. तळाला पूर्वेच्या भिंतीत एक कोनाडा कोरलेला आहे. कडा ओल्या मातीने लिंपून गुळगुळीत केल्या आहेत. मी वर विचारले, हा कशाला? पृथ्वीराज म्हणाले, "घमेलं ठेवायला." घमेले तिथेच पडले होते. मी ते ठेवून पाहिले. बसत नाही. साहेब, कोनाडा रुंदीला चौदा इंच आहे आणि उंचीला सत्तावीस. मी मायाचे कपडे घरीच शिवते. ती मांडी घालून बसली की डोक्यापर्यंत किती होते, ते मला टेप न लावता सांगता येते. पतींना तो कोनाडा माहीत नसावा. ते खाली उतरत नाहीत, त्यांना अंधारी येते.

दुसरे. यंत्र शाकीरभाईंना परत देऊन टाकले. मी विचारले, अजून काही सापडले नाही आणि परत कसे दिले? गुंडाप्पा म्हणाले, आता त्याचे काम नाही. नंतर जीपपाशी ते आणि पृथ्वीराज बोलत होते, मी मेंढरांच्या वाडग्यात, काट्यांच्या कुंपणाआड होते. पृथ्वीराज म्हणाले, "सायबानं खरंच लिवून दिलं तर? दादा हेकट हाय, बुजवील." गुंडाप्पा म्हणाले, "कागद तुज्या हातात घे. दादाला दावायचं का न्हाय ते मागनं बगू. गाडी कुनाची हाय?"

म्हणून आपला खुलासा आता पुरेसा नाही. तो कागद खिडकीतून पृथ्वीराजांच्या हातात जाईल, आम्हाला जीपमध्ये बसवतील, आणि शनिवार-रविवार आपले कार्यालय बंद असेल.

१३. सबब सुधारित विनंती पुढीलप्रमाणे.

कृपया आज उशीर करावा.

माझ्या सासऱ्यांचा एक उतारा दुरुस्त व्हायचा होता. "साहेब मीटिंगला आहेत" या एका वाक्यावर ते दोन दिवस एका व्हरांड्यात बसून राहिले. भांडखोर माणूस, पण तिथे आवाज चढवला नाही. आमच्याकडे देवापुढे घाई चालते, कचेरीत चालत नाही. पृथ्वीराजही तसेच आहेत. बांधावर कुऱ्हाड काढतील, खिडकीपुढे "हो साहेब" म्हणतात. आजवर ज्याच्या नावाने लोकांनी बोटे मोडली, ती दिरंगाई आज मला हवी आहे. शिक्का सापडत नाही म्हणावे. वजनकाटा बिघडला म्हणावे. ओल्या नमुन्यामुळे अर्ज अडला आहे आणि चूक बाईची आहे, तिला बोलवा, असे मोठ्याने म्हणावे. मला चारचौघांत वाटेल तसे बोलावे, मी मान खाली घालीन.

पिशवी उघडाल तेव्हा आम्ही बाहेरच्या बाकावर असू. हिरव्या साडीतली मी. माझ्या डाव्या हाताला पती बसतील, पांढरी टोपी. पृथ्वीराज आणि गुंडाप्पा जीपजवळ. मायाचे दोन्ही हात मी मुद्दाम चिखलात माखून आणले आहेत. कुणा ताईंनी बाहेर येऊन नुसते म्हणावे, "ही कसली पोरगी, हात बघा, चल धुवून देते, बाई तुम्ही पण या." ती लगेच येईल. पाण्याला ती कधीच नाही म्हणत नाही. पती उठले तर त्यांना अंगठ्यासाठी थांबवावे. त्यांना सही येते, पण अंगठाच लागतो म्हटले तर ते वाद घालणार नाहीत.

आत आल्यावर दार लावावे आणि पोलिसांना व बालकल्याण समितीला फोन करावा. काय झाले असे त्यांनी विचारले, तर अजून काही झालेले नाही, असेच सांगावे, आणि तरीही बोलवावे. नरबळीच्या तयारीविरुद्धचा कायदा आहे, तो काही होण्याआधीसाठीच केला असणार. गाडी पुढच्या फाटकाने आणू नये. प्रयोगशाळेला मागचे दार असेल. आमच्या कॉलेजात होते, आम्लाचा वास बाहेर जाण्यासाठी.

पतींना मारहाण होऊ नये, ही वेगळी विनंती. माझा त्यांच्यावर राग आहे की नाही, हे मला या घडीला सांगता येत नाही. त्यांना कोनाड्याचे माप तेवढे सांगावे. चौदा बाय सत्तावीस. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे.

मूळ मागणीतला खुलासाही सवडीने द्यावा. ती माती खरेच तपासावी. तिच्यात लोह आहे हे एका कागदावर राहू दे, म्हणजे आमच्यानंतर त्या माळावर कुणी यंत्र घेऊन आले तर त्याला वाचता येईल.

आपल्या दिरंगाईची वाट पाहणारी,
सही/-
सौ. ऋतुजा बिरुदेव सरगर
दिनांक : २१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

सोबत :
१) माती नमुने, चार पिशव्या : पांढरी, काळे रान, माळ, खड्ड्याचा तळ.
२) मृदा आरोग्य पत्रिकेची हाताने केलेली नक्कल. मूळ प्रत गुंडाप्पांच्या खिशात आहे.
३) तांब्याची जुनी नाणी, तीन नग. सरकारजमा करावीत.
४) शाकीरभाई यांचा मोबाईल क्रमांक, मागील बाजूस. ते साक्ष देतील.
५) मुलगी नामे माया, वय वर्षे चार, बाहेरच्या बाकावर. एकदा आत घेतल्यावर परत करू नये.